कॅसेट जपली, पण तिच्यावरचं अक्षर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रविवारी जुन्या बाजारात गेले होते. शोधत होते पितळी डबा, पण एका पथारीवर बुटांच्या खोक्यात ऐंशी-पंच्याऐंशी कॅसेट दिसल्या आणि तिथंच बसकण मारली. जवळपास सगळ्या घरी रेकॉर्ड केलेल्या. प्रत्येक डबीत घडी घातलेला कागद आणि त्यावर जांभळ्या शाईतलं बारीक, सुबक अक्षर. एका कागदावर लिहिलं होतं, ‘मारवा, विलं. एकताल, मग द्रुत. शेवटी निर्गुणी भजन. खासगी बैठक, टिळक रोड, १७ फेब्रु. ७९.’ खाली तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तेही. विकणाऱ्याला विचारलं, कुठून आल्या? तो म्हणाला, ‘‘एका घरातून रद्दीबरोबर आल्या ताई. त्यांनी सगळं पेन ड्राइव्हमध्ये भरून घेतलंय. आता ह्यांचं काय करायचं त्यांना?’’

पेन ड्राइव्हमध्ये गाणं गेलं असेल. ती जांभळी ओळ गेली असेल का? मी खोका विकत घेऊन घरी आणला, पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं आहे, शक्य झाल्यास पूर्ण छापावं.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ३१ वर्षं नोकरी केली. नवीन पुस्तक आलं की ते आधी दाखल नोंदवहीत चढायचं, त्याला क्रमांक मिळायचा आणि मगच ते कपाटात जायचं. कपाटात आहे पण नोंदवहीत नाही असं पुस्तक आमच्या लेखी हरवलेलंच, कारण मागायला आलेल्या मुलाला ते काढून देता येत नसे. वडिलांनी टेप करून ठेवलेल्या गाण्यांचं काम हातात घेतलं तेव्हा हा धडा मला आठवायला हवा होता. तो आठवला वर्षभरानं, बरंच नुकसान झाल्यावर.

आमचं घर पुण्यात नारायण पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांचं. वडील कारकून, पण गाण्यासाठी जीव टाकणारे. त्यांनी आधी एक जुनं स्पूलचं मशीन घेतलं, पुढं कॅसेटचा टेपरेकॉर्डर. ते २००९ साली गेले तेव्हा मागं ५८ स्पूल आणि ६४० कॅसेट होत्या. रेडिओवरून घेतलेलं गाणं, गणेशोत्सवातल्या रात्रीच्या मैफली, ओळखीच्यांच्या दिवाणखान्यातल्या बैठका, जिथं गायकानं परवानगी दिली तिथं तिथं घेतलेलं. सगळं मिळून सुमारे ९०० तास भरलं. सीडीच्या दर्जानं साठवलं तर तासाला साधारण ६३५ एमबी लागतात, म्हणजे एकूण ५७० जीबीच्या आसपास. आवाजातलं काहीही न गाळता फाइल लहान करणारा फ्लॅक नावाचा प्रकार आहे, त्यात तेच जवळपास निम्म्यावर येतं. आजच्या हिशेबात ही जागा काहीच नाही. तळहातावर मावेल एवढ्या डिस्कमध्ये वडिलांचं सगळं आयुष्य बसलं. जागेची चिंता मिटली तेव्हाच खरं काम सुरू झालं.

सुरुवातीला मी पहिल्या ७० कॅसेट एका दुकानात दिल्या. आठवड्याभरात एक डीव्हीडी आणि कॅसेटचं पोतं परत मिळालं. डीव्हीडीवर एकाच फोल्डरमध्ये फायली: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, असं २०० च्या वर. कुठली फाइल कुठल्या कॅसेटची याचा पत्ता नाही. दुकानातल्या संगणकानं शांतता दिसली की तिथं गाणं संपलं असं धरून आपोआप तुकडे पाडले होते. आता विलंबित ख्यालात गायक एखाद्या सुरावर थांबतो, श्वास घेतो, तबला हलका होतो, तिथं शांतता येणारच. एका तोडीचे चार तुकडे झाले होते. उलट, टाळ्यांमुळं शांतता पडलीच नाही अशा ठिकाणी एका रागाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकाच फायलीत चिकटली होती.

सगळ्यात वाईट गोष्ट मला लगेच कळलीच नाही. ऐकताना काहीतरी चुकतंय एवढं वाटत होतं. गाणं उघड्यावर पडल्यासारखं. मग लक्षात आलं, तंबोरा नाही. टेपची खरखर काढण्यासाठी जी सोय वापरतात, ती सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट असं मानून तो पुसते. आणि आपल्या संगीतात सतत एकसारखा येणारा आवाज तर तंबोऱ्याचा असतो. खरखरीबरोबर षड्ज-पंचमही पुसले गेले होते. मूळ कॅसेट शाबूत होत्या म्हणून मी त्या सगळ्या पुन्हा घेतल्या. ज्यांनी कॅसेट टाकून दिल्या असतील त्यांच्याकडं आता तंबोऱ्याविनाच गाणं उरलं. मी हात जोडून सांगते, खरखर राहू द्या. ज्याला नको असेल त्यानं ऐकण्यापुरती वेगळी प्रत करून घ्यावी, मूळ फायलीला हात लावू नये.

पुढचं सगळं काम मी घरी केलं. तापकीर गल्लीतून कॅसेट वाजवायचा एक दुरुस्त केलेला डेक आणला, हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत राहिले, आणि ऑडॅसिटी हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर भाच्यानं शिकवलं. कॅसेट घाईनं भरता येत नाही, ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटं बसावंच लागतं. ते बसणं मला आवडलं. चार वर्षं रोज दुपारी मी वडिलांच्या शेजारी बसून गाणं ऐकत होते असंच मला वाटतं.

आता माहितीच्या प्रश्नाकडं येते, कारण माझं म्हणणं तेच आहे.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ग्रामोफोनसाठी मुद्रित झालं. गाण्याच्या शेवटी त्या आपलं नाव मोठ्यानं सांगतात. त्या काळी तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसाला हिंदुस्थानी गाणं काय कळणार? लेबलावर कोणाचं नाव घालायचं ते त्याला समजावं म्हणून गाणाऱ्यांनी स्वतःच नाव उच्चारायची पद्धत पडली. म्हणजे नाव गाण्याच्या आतच ठेवलेलं. लेबल फाटो, पाकीट हरवो, नाव गाण्याबरोबर राहणार. आज डिजिटल फायलीत टॅग म्हणून जे भरतात ते याच कामासाठी असतं: फायलीचं नाव बदललं, ती दुसऱ्या संगणकावर गेली, तरी आत लिहिलेली माहिती तिच्याबरोबर जाते.

आकाशवाणीवरही असंच होतं. गाण्याआधी आणि नंतर निवेदन व्हायचं, गायक, राग, साथीदार सगळं सांगितलं जायचं. पण आमच्याकडं टेप महाग. वडील बोट बटणावर ठेवून बसायचे आणि निवेदकाचा आवाज थांबून तंबोरा सुरू झाला की बटण दाबायचे. गाणं संपलं की लगेच बंद. तेवढी टेप वाचायची. मला ते दृश्य डोळ्यासमोर दिसतं, उजव्या हाताची दोन बोटं एकदम दाबणारी, कारण रेकॉर्ड आणि प्ले बरोबर दाबावं लागे. एका कार्यक्रमामागं फार तर अर्धं मिनिट वाचत असेल. त्या अर्ध्या मिनिटात जे होतं ते शोधायला आज मला महिने लागतात. वडिलांना बहुधा वाटत असेल, आपल्याला तर माहीतच आहे कोण गातंय.

कागद लिहिले होते त्यांनी, पण सगळ्या कॅसेटचे नाहीत, आणि काही पावसाळ्यात बुरशीनं गेले. २००२ मध्ये, त्यांना दिसायला कमी झालं तेव्हा, त्यांनी सांगावं आणि मी टाइप करावं असं करून आम्ही एक यादी बनवली होती. त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये. पुढं नवीन संगणकावर ती फाइल उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा. तेव्हा युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तेच अक्षर दिसावं अशी पद्धत, आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं, आणि तो जुना फाँट नसेल तर मजकूर वाचता येत नसे. फाँट बदलून देणारी सोय मिळाली, पण जोडाक्षरं बिघडली. ‘मल्हार’, ‘कल्याण’, ‘व्यास’ ओळखून ओळखून दुरुस्त करावे लागले. ज्यांच्याकडं अशा जुन्या फाँटमधल्या याद्या आहेत त्यांनी जुना संगणक चालतोय तोवर त्या कागदावर छापून ठेवाव्यात, मग बाकीचं.

संगणकातल्या माहितीच्या चौकटी आपल्या गाण्यासाठी बनलेल्या नाहीत. एमपीथ्री फायलीला माहिती जोडायची पहिली पद्धत १९९६ ची. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, गायकाला ३०, आणि गाण्याचा प्रकार ८० नावांच्या ठरलेल्या यादीतून निवडायचा. त्या यादीत युरोपातलं पोल्का नाचाचं संगीत होतं, पण ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग यांतलं काहीच नव्हतं. आता ती बंधनं गेली, प्रकाराच्या रकान्यात आपण ‘ख्याल’ लिहू शकतो, देवनागरीतही लिहू शकतो. पण चौकटीचा साचा अजून तोच आहे: कलाकार, अल्बम, गाण्याचं नाव, वर्ष. बैठकीतल्या गाण्याचा अल्बम कोणता? गाण्याचं नाव म्हणजे राग की बंदिशीचा मुखडा? आणि तबलजी कुठं लिहायचा? या नेहमीच्या चौकटीत त्याला रकानाच नाही. तासभर ज्यानं ठेका धरला त्याचं नाव कुठंच येत नाही, ही मला फार लागणारी गोष्ट आहे.

वर्षाच्या रकान्यानं तर मी चकितच झाले. अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. मी विकत घेतलेली त्यांच्या गाण्यांची सीडी संगणकात घातली तेव्हा नावं आपोआप भरली गेली आणि वर्ष आलं २००३. सीडी निघाली ते वर्ष. नवीन शिकणारा मुलगा हे बघून काय समजेल? गीतरामायणाचंही तसंच. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते पहिल्यांदा झालं तेव्हा ५६ गीतं होती आणि ती वेगवेगळ्या गायकांनी म्हटली होती. घरोघरी जे वाजतं ते पुढं स्वतः सुधीर फडके यांनी गायलेलं. माझ्या वडिलांकडं दोन्हींचे तुकडे आहेत. रकान्यात नुसतं ‘गीतरामायण’ लिहिलं तर दोन्ही एकात मिसळतात आणि मूळ प्रसारणातली गायिका फडक्यांच्या नावावर जमा होते.

नावांचं तर विचारू नका. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’, ‘भिमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतलं एक, अशी चार माणसं माझ्या संगणकात वर्षभर शेजारी शेजारी राहत होती. मी शेवटी नियम केला की पदव्या नावाच्या रकान्यात घालायच्या नाहीत. पंडित, उस्ताद, बुवा, विदुषी हे आदरानं तोंडी म्हणावं, संगणकात नाव शुद्ध आणि एकाच रीतीनं लिहावं. आदर कमी होत नाही त्यानं, उलट एका हाकेला त्यांचं सगळं गाणं समोर येतं.

फोल्डर करतानाही मी आधी फसले. रागाप्रमाणे फोल्डर केले: भूप, यमन, बागेश्री. मग एकाच बैठकीचे चार तुकडे चार फोल्डरमध्ये गेले आणि ती संध्याकाळच मोडली. कुठल्या रागानंतर कुठला घेतला, मध्यंतरानंतर आवाज कसा उघडला, हे सगळं गेलं. परत सगळं जोडलं. आता माझ्याकडं एक बैठक म्हणजे एक फोल्डर. राग, ताल, मुखडा, साथीदार हे टॅगमध्ये. एमपीथ्रीटॅग नावाच्या मोफत सॉफ्टवेअरनं शेकडो फायलींना एकदम ते भरता येतं. बागेश्री ऐकावासा वाटला की शोधमध्ये लिहिते आणि चौदा निघतात, पण प्रत्येक आपापल्या संध्याकाळी, आपापल्या जागी बसलेला.

फोल्डरचं नाव तारखेनं सुरू होतं, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे संगणक आपोआप क्रमानं लावतो. दिवस माहीत नसेल तिथं दोन शून्यं घालते, अंदाजानं तारीख ठोकून देत नाही. रात्रभर चालणाऱ्या मैफलींनी इथं वेगळाच पेच टाकला. रात्री दीडला सुरू झालेल्या मालकंसाची तारीख कोणती? वडिलांनी आदल्या संध्याकाळची लिहिलेली, आणि एका स्नेह्यांच्या वहीत दुसऱ्या दिवसाची. एकच मैफल मी दोन म्हणून नोंदवली होती. आता ज्या संध्याकाळी माणसं गाण्याला येऊन बसली तीच तारीख, मग भैरवी उजाडताना का होईना.

आणि सगळ्याचं मूळ म्हणजे दाखल क्रमांक. कॅसेटवर, डबीवर, फायलीच्या नावात आणि वहीत, चारही ठिकाणी तोच: क-०४१-अ, म्हणजे एक्केचाळिसावी कॅसेट, पहिली बाजू. डबीतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोनवर फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवते. एवढं एकच कोणी केलं, टॅग वगैरे काहीही भरलं नाही, तरी माझं निम्मं म्हणणं पूर्ण झालं. एका कॅसेटला एक मिनिट लागतं. त्या जुन्या बाजारातल्या घरानं ८० मिनिटं दिली असती तर ती जांभळी शाई आज गाण्याबरोबर असती.

प्रतींबद्दल थोडक्यात: तीन हव्यात, आणि एक दुसऱ्या घरी. माझी एक भावाकडं नाशिकला आहे. २००४ मध्ये लिहिलेल्या ११२ सीडींपैकी ३० आज उघडत नाहीत, आणि एक हार्ड डिस्क टेबलावरून पडून टकटक करत बंद पडली.

ज्या गाण्याचा कागदच नाही त्याचं काय, हा खरा अवघड भाग. गाणं ऐकवून नाव सांगणारी अॅप आहेत, पण ती बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रणांशी जुळवून सांगतात. नारायण पेठेतल्या दिवाणखान्यात १९७६ साली गायलेली बंदिश त्यांच्या यादीत कशी असणार? तिथं माणूसच लागतो.

आमच्या जुन्या वाड्यात एक पेटीवाले काका राहायचे, त्यांनी अनेकांना साथ केलेली. आता सिंहगड रोडला मुलाकडं असतात, वय ८६. दोन वर्षं मी दर गुरुवारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडं जात होते. ते हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे, आणि पहिल्यांदा गायकाकडं नाही, तबल्याकडं लक्ष द्यायचे. ‘‘हा बाया (डग्गा) कुणाचा ते सांगतो आधी, मग समोर कोण बसलं असेल ते आपोआप कळतं,’’ म्हणायचे. एकदा एक पूरिया लावला. मी वहीत मारवा लिहून ठेवला होता, कारण दोन्हींचे सूर तेच, सोहनीचेही तेच. काकांनी तीन मिनिटं ऐकून मान हलवली. कुठल्या सुरावर तो थांबतोय ते बघ, म्हणाले, गंधार-निषाद धरून बसलाय, मारव्यात रिषभ-धैवत बोलले असते. मग बोटानं मांडीवर पेटी वाजवून दाखवली.

दुसऱ्या एका कॅसेटवर काका अस्वस्थ झाले. ‘‘आवाज ओळखीचा आहे, पण हा माणूस इतका वर गायचा नाही. काळी एकला गायचा, इथं पांढरी दोन लागतेय. टेप पळतेय तुझी.’’ (काळी एक, पांढरी दोन या पेटीच्या पट्ट्या, गायकाचा षड्ज त्यांवरून सांगतात.) मला आठवलं, ती बैठक सेलवर घेतलेली. सेल उतरत आले की रेकॉर्ड करताना टेप हळू फिरते, आणि मग बरोबर वेगानं वाजवली की गाणं चढं आणि घाईचं ऐकू येतं. तिथंच बसून वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी केला. अर्धा सूर उतरला आणि काकांनी हेडफोन काढून नाव सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. त्या बैठकीला पेटीवर ते स्वतःच होते.

गेल्या दिवाळीपासून काकांना ऐकू येणं खूप कमी झालंय. कानाला यंत्र बसवलं, बोलणं कळतं, पण त्यातून गाणं बेसूर ऐकू येतं म्हणतात. पेटी लावून बघितली आणि बंद करून ठेवली. माझ्या ६४० पैकी ४१ कॅसेट अजून अनोळखी आहेत. काका आहेत, घरी गेलं की चहा देतात, जुन्या गोष्टी सांगतात, पण त्या ४१ त्यांना ऐकवता येत नाहीत. चार वर्षांपूर्वी मी दुकानात वेळ घालवण्याऐवजी थेट त्यांच्याकडं गेले असते, तर कदाचित चार-पाचच उरल्या असत्या. पुण्यात अजून अशी माणसं आहेत. ज्या घरात वडिलांच्या, आजोबांच्या कॅसेट आहेत त्यांनी डेक शोधण्याच्या आधी ही माणसं शोधावीत. गाणं शिकणाऱ्या मुलांनी महिन्यातून एक दुपार अशा एखाद्या आजोबांना द्यावी, त्यांना तालीमही मिळेल.

यावर काहीजण म्हणतात, सगळं तर यूट्यूबवर आहे. सगळं नाही, आणि आहे त्यातही एकच ध्वनिमुद्रण तीन वेगळ्या रागांच्या नावानं मी पाहिलं आहे. एकानं चुकीचं लिहिलं की बाकीचे तेच उचलतात. मी माझ्याकडचं तिथं चढवत नाही, कारण गाणाऱ्यांनी बैठकीत परवानगी दिली ती वडिलांना ऐकण्यासाठी, जगाला वाटण्यासाठी नाही. आपल्या कायद्यातही प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं आणि कलाकाराचा हक्क ५० वर्षं टिकतो. पण यादी वाटायला कोणाची आडकाठी नाही. कोणाकडं कुठल्या तारखेचं काय आहे, एवढं जरी शहराला कळलं तरी अर्धवट कागद एकमेकांना पूर्ण करतील. ध्वनिमुद्रणं आणि त्यांच्या नोंदी शास्त्रशुद्ध जपणारी ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ ही संस्था १९८२ साली पुण्यातच सुरू झाली होती. आता ती गुरुग्रामला आहे. संस्थांचं काम संस्था करतीलच, पण माळ्यावरच्या खोक्यापर्यंत त्या कशा पोचणार?

आता आपल्याकडं एक मागणं आहे. माझ्या रेडिओवरच्या बऱ्याच कॅसेटच्या तारखा मला कुठं मिळाल्या सांगू? वर्तमानपत्रात. शहरातल्या एका जुन्या ग्रंथालयात बांधीव अंक चाळत बसले. ‘आजचे आकाशवाणी कार्यक्रम’ या चार ओळींच्या चौकटीत गायकाचं नाव आणि वेळ असायची. मैफलींची परीक्षणं यायची, त्यांत कुठले राग झाले ते क्रमानं लिहिलेलं असे. पण पानं आता हाताला लागताच तुटतात. आपल्या कार्यालयातले जुने अंक, निदान १९५३ ते १९८५ पर्यंतचे, वाचकांना आठवड्यातून एक दिवस तरी बघू द्यावेत, आणि त्या छोट्या चौकटी कधीतरी शोधता येतील अशा रूपात आणाव्यात. १९५३ अशासाठी की पुणे आकाशवाणी त्याच वर्षी सुरू झाली आणि सवाई गंधर्व महोत्सवही त्याच वर्षी. त्या चौकटी भरणाऱ्या उपसंपादकाला कल्पनाही नसेल की पन्नास वर्षांनी कोणीतरी त्यांवरून बोट फिरवत बसेल. आपण होकार दिलात तर टाइप करायला मी येईन, आणखी चार-पाच निवृत्त बायकाही आणीन.

शेवटी वाचकांना एक विचारायचं आहे. कॅसेट क-३८८, दोन्ही बाजू, कागद नाही. बाईंचा आवाज, काळी चारच्या आसपास, राग बिहाग. काका म्हणाले बिहाग की बिहागडा हे नक्की करायला पुढचं ऐकायला हवं, पण ते राहूनच गेलं. दुसऱ्या बाजूला, द्रुत सुरू झाल्यावर थोड्या वेळात वीज जाते. ‘‘अरे कंदील आणा,’’ असं एक पुरुष ओरडतो, भांडं पडल्याचा आवाज येतो, तबला थांबतो. बाई थांबत नाहीत. तंबोऱ्यावर दोन आवर्तनं एकट्या गातात आणि बरोबर समेवर तबला परत येतो, अंधारातच बहुधा, कारण त्यानंतर बऱ्याच वेळानं लोक ‘‘आले, आले’’ म्हणतात. बैठक वाड्यातली असावी, मागं हातपंप चालल्याचा आवाज आहे. साल १९७४ ते १९८० मधलं, कॅसेटच्या बनावटीवरून. त्या संध्याकाळी त्या खोलीत कोणी बसलं असेल, किंवा घरात कोणाकडून ऐकलं असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. बाईंचं नाव हवं आहे, आणि त्या तबलजीचंही.

आपली,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी,
पुणे